तव्यावरचा अँटेना

तवा माझा होता. हे पहिल्या ओळीतच लिहून ठेवते, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही.

परवा इथे बहरीनमध्ये, अदलियाला एका घरी हळदीकुंकू होतं आणि मी स्वयंपाकघरात पुरणपोळ्या करत होते. बाहेर बायका बसल्या होत्या. त्यातली एक जण माझ्या जुन्या साहेबांची गोष्ट रंगवून सांगत होती. "अगं, काय वल्ली माणूस! गाडीच्या पाठीवर घर, घराच्या डोक्यावर रेडिओचा अँटेना, आणि तो फिरवायला आत एक बाई दडवून ठेवलेली! आम्हाला सांगितलं, ऑटोमॅटिक आहे म्हणून!" सगळ्या खो खो हसल्या. कोणीतरी म्हणालं, "कसला विनोदी असेल नाही?"

माझी पोळी करपली.

ती 'एक बाई' म्हणजे मी. चारचौघांत माझ्याच्याने बोलवत नाही, म्हणून बाहेर जाऊन काही सांगितलं नाही. घरी येऊन वही काढली. त्यांच्या गोष्टीत तवा नव्हता, माझी लेक नव्हती, आणि साहेब मात्र विनोदी होते. साहेबांना मी सहा वर्षं जेवायला वाढलं. त्या माणसाने गंमत म्हणून एक वाक्य उच्चारलेलं मला आठवत नाही. जे बोलत ते खरं मानून बोलत. गंमत केली असती तर मला इतका राग आला नसता.

साहेब मूळचे पुण्याचे, विजेचे इंजिनीअर. अदलियात ऑफिस, बुदैयाला घर. घरात ते, ताई म्हणजे त्यांची बायको, आणि मागच्या खोलीत मी. नवरा गेल्यावर ताईंच्या माहेरच्या ओळखीने मी तासगावहून इथे आले होते. साहेब अंगाने काडी. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर आणि पँटच्या खिशात मोजायची पट्टी. "मोजल्याशिवाय बोलू नये," हे दिवसातून दहा वेळा. मी म्हटलं, आज फार गरम आहे, की ते विचारणार, "किती?" ताई म्हणाल्या, डोकं दुखतंय, की "किती मिनिटं झाली?" एकदा जेवता जेवता त्यांनी माझ्या भाकरीला पट्टी लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून म्हणाले, "बाई, कालच्यापेक्षा अर्धा इंच कमी आहे."

"पीठ तेवढंच घेतलंय साहेब. जाड झाली असेल."

तर जाडी मोजली. भाकरी गार झाली ती झालीच.

दुसरं वेड भोकाचं. भिंतीला, दाराला, गाडीला, कशालाच भोक पाडायचं नाही. "भोक पाडलं म्हणजे इंजिनीअर हरला," म्हणायचे. सहा वर्षांत त्या घरात एक खिळा ठोकला गेला नाही. देव टेबलावर भिंतीला टेकून उभे, घड्याळ फ्रिजला चुंबकाने चिकटवलेलं. माझ्या खोलीत टॉवेलसाठी दोरी होती, तिची टोकं कपाटाच्या दोन दारांत चिमटलेली. दार उघडलं की टॉवेल खाली. तो टॉवेल मी सहा वर्षं उचलला. सांगितलं तर म्हणाले, "दार हळू उघडा."

एका वर्षी एक गोरा माणूस देश सोडून चालला होता, त्याची पिकअप यांनी घेतली. तिच्या पाठीवर आख्खं छोटं घर बसवलेलं. त्याला कॅम्पर म्हणतात. आत शेगडी, बेसिन, दोन बाकडी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला पलंग, टोपीच्या झापेसारखा. थंडीत इथले लोक सखीरच्या वाळवंटात तंबू ठोकतात आणि सुट्टीचे दिवस तिकडे काढतात. आपली मराठी माणसंही जातात. साहेबांना तंबू नको होता, कारण तंबूला खुंट्या ठोकाव्या लागतात आणि खुंटी म्हणजे पुन्हा भोकच.

ताई म्हणाल्या, "आहे ते घर पुसून होत नाही, त्यात हे चाकांवरचं." पुसणार मी होते, पण ते असो. ताईंना गाडी लागायची. एकदा त्या कॅम्परमधून गेल्या, अर्ध्या रस्त्यात ओकल्या आणि पुन्हा कधी चढल्या नाहीत. मग दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी साहेब पुढे आणि मी मागे, अशी आमची वरात सखीरला जायची. तिथे त्यांची मित्रमंडळी बायकामुलांसकट जमायची आणि मी सगळ्यांना भाकरी-पिठलं करून वाढायचे. संध्याकाळी परत.

रेडिओचं सांगायला हवं. तेव्हा उपग्रहावरून येणारा रेडिओ निघाला होता. आता तो बंद पडला, सगळं फोनवर वाजतं. पण त्या वेळी बहरीनमध्ये बसून मराठी गाणी ऐकायला मिळणं म्हणजे मोठी गोष्ट होती. डबा लहानसा, त्याला वायर, आणि वायरीच्या टोकाला वहीएवढा चपटा अँटेना. त्याचं तोंड उपग्रहाकडे लागतं. उपग्रह आपल्या देशाच्या बाजूला, पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे, आणि आभाळात फार उंच नाही. तोंड बरोबर असलं की डब्यावर पाच रेघा उमटायच्या. दोनच्या खाली गेल्या की डबा मुका.

घरात खिडकीत ठेवला की छान वाजायचा. साहेबांनी तो उचलून गाडीत बसवला. अँटेना पुढच्या काचेच्या आत ठेवला. वर ती पलंगाची झाप, मागे सगळं घर. त्या बिचाऱ्या अँटेनाला आभाळ दिसणार कुठून? समोर दिसेल तेवढंच. गाडीचं तोंड पूर्वेला असलं की डबा बोलायचा. गाडी वळली की गप्प.

दुसऱ्याने डबा परत खिडकीत ठेवला असता. साहेबांनी रस्ते बदलले. जनाबियाच्या कोल्ड स्टोअरला, म्हणजे इथल्या किराणा दुकानाला, जायला पाच मिनिटं लागतात. साहेब आधी उलटे पश्चिमेला जायचे, मग वळून पूर्वेकडे तोंड करून यायचे, म्हणजे तेवढा वेळ रेडिओ वाजेल. चौकातल्या गोल रस्त्यावर गाडी फिरत असताना एका बाजूला गाण्याची एक ओळ ऐकू यायची. पुढची ओळ ऐकायला साहेब अजून एक फेरी मारत. मागचे लोक हॉर्न वाजवत. एकदा कोथिंबीर आणायला गेले ते पाऊण तासाने आले. ताई म्हणाल्या, "कोथिंबीर आणायला गेला होतात की पेरायला?"

साहेब म्हणाले, "दोन रेघांवरून तीन झाल्या."

मग प्रयोग सुरू झाले. फ्रिजवर एक तक्ता लागला. पद्धत एक, पद्धत दोन, आणि पुढे रेघा. अँटेना बोनेटवर ठेवून पाहिला, तो उन्हाने तापला आणि खड्ड्यात पडला. आरशाला बांधला, तो वाऱ्याने फिरला. काठीवर लावून खिडकीतून बाहेर धरला, म्हणजे मी धरला, आणि माझा हात दोन दिवस वर जात नव्हता. प्रत्येक पद्धतीपुढे ते नीट अक्षरात लिहायचे, "असमाधानकारक". सखीरला शेजारच्या तंबूतला एक बहरीनी म्हातारा दर शुक्रवारी कॉफीचा पेला घेऊन यायचा आणि विचारायचा, "रेडिओ?" साहेब म्हणायचे, "इंशाल्ला." तो हात हलवून "मफी, मफी" करत हसत निघून जायचा. नाही म्हणजे नाही. त्याला पहिल्या आठवड्यात कळलं होतं.

शेवटी साहेबांच्या लक्षात आलं की अँटेना त्या घराच्याही वर, छतावर पाहिजे. एवढं समजायला त्यांना महिना लागला. पण अँटेना चुंबकाने बसतो आणि कॅम्परचं छत फायबरचं. चुंबक चिकटेना. स्क्रू मारला असता तर पाच मिनिटांचं काम. स्क्रू म्हणजे भोक.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुंबक घेऊन ते माझ्या स्वयंपाकघरात आले. स्टीलच्या ताटाला लावून पाहिला, घसरला. पातेल्याला लावला, घसरला. कढई ॲल्युमिनियमची. मग शेगडीवर हात नेला आणि माझ्या तव्याच्या कडेला टक् आवाज झाला.

"साहेब, भाकऱ्या व्हायच्यात."

"किती?"

"सात. पाच झाल्या."

"ठीक आहे. सातवी झाली की बंद करा."

ते तिथेच उभे राहिले. सातवी भाकरी उतरली आणि गरम तवा चिमट्याने उचलून घेऊन गेले. तो तवा माझ्या आईने लग्नात दिला होता. विमानात बॅगेत तोच सर्वांत जड होता, त्याच्यासाठी मी दोन साड्या काढून ठेवल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी मला नवा नॉनस्टिक तवा आणून दिला आणि म्हणाले, "हा जास्त चांगला आहे." त्यावर भाकरी घसरते, फुगत नाही. हे मोजायची पट्टी त्यांच्याकडे नव्हती.

समुद्राच्या हवेने गंजू नये म्हणून त्यांनी माझ्या तव्याला चंदेरी रंग दिला. रंग! भाकरीच्या तव्याला! ते देश सोडून गेले तेव्हा त्यांनी तो उतरवून मला परत दिला. रंग जाळून, घासून काढायला मला आठवडा लागला. अजून मधोमध एक गोल डाग आहे, तेवढ्या जागी भाकरी पांढरी राहते.

कॅम्परच्या छताला हवेसाठी एक झडप होती. ते भोक गोऱ्या लोकांनी पाडलेलं, म्हणून चालत होतं. साहेबांनी त्यातून एक पाइप वर काढला. वरच्या टोकाला तारांनी तवा बांधला, उभा, जरा मागे कललेला. तव्यावर अँटेना. पाइपाच्या खालच्या टोकाला, आतमध्ये, जुन्या सायकलचं हँडल. हँडल फिरवलं की छतावर तवा फिरणार. गाडी कुठेही वळो, तव्याचं तोंड पूर्वेला ठेवायचं. आता फिरवणार कोण?

"बाई, तुम्ही मागे असताच," साहेब म्हणाले. "हे होकायंत्र. ही खूण. गाडी वळली की हँडल फिरवायचं आणि काटा खुणेवर ठेवायचा. तुमच्या-माझ्या मधल्या काचेवर मी एकदा टकटक केलं तर डावीकडे, दोनदा केलं तर उजवीकडे."

"आणि मी पडले तर?"

"बाकड्याला धरा. एक हात मोकळा आहेच."

पहिल्या शुक्रवारी होकायंत्राला वेड लागलं. वर चुंबक, तवा, शेजारी गॅसचं सिलिंडर, सगळं लोखंडच. काटा माझ्याकडे, मग शेगडीकडे, मग परत माझ्याकडे. मी काट्यामागे हँडल फिरवतेय आणि साहेब काचेवर एकदा, दोनदा, एकदा, दोनदा. शेवटी गाडी थांबवून ते मागे आले आणि होकायंत्र हलवून बघायला लागले.

मी म्हटलं, "साहेब, सूर्यावरून करू का?"

"तुम्ही कितवी शिकलात?"

"चौथी."

"होकायंत्रामागे शास्त्र असतं, बाई. ते चौथीत नसतं."

चौथीत काय असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. गुरुजींनी आम्हाला सकाळी पटांगणात रांगेत उभं केलं होतं. सूर्याकडे तोंड करा, समोर पूर्व, पाठीला पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण, डाव्या हाताला उत्तर. शाळा सुटली तरी ते सुटलं नाही. शिवाय बुदैयाच्या घरात डबा खिडकीत होता तेव्हा अँटेनाचं तोंड कुठे असायचं तेही मी रोज धूळ पुसताना बघत होते. थंडीत इथे सूर्य जिथून वर येतो, जवळजवळ तिकडेच. म्हणजे सकाळी तवा उगवतीकडे. दुपारनंतर सूर्याकडे पाठ करायची आणि थोडं उजवीकडे वळायचं. त्यात काय शास्त्र?

साहेब पुढे गेले, गाडी सुरू झाली. मी होकायंत्र बेसिनमध्ये ठेवून दिलं. झडपेतून जमिनीवर उन्हाचा चौकोन पडत होता, त्याच्याकडे बघून हँडल धरलं. गाडी वळली की चौकोन सरकायचा, तितकंच मी हँडल सरकवायचे. काचेवर टकटक आली नाही. सखीर येईपर्यंत आली नाही. उतरल्यावर साहेबांचा चेहरा कधी नव्हे तो फुललेला. "पाच रेघा! सलग!" घरी आल्यावर त्यांनी तक्त्यावर लिहिलं, "पद्धत नऊ. सौर. यशस्वी."

मी ताईंना विचारलं, "सौर म्हणजे काय?"

"सूर्याची."

म्हणजे होकायंत्राची नाही हे साहेबांनाही कळलं होतं. माझी आहे असं मात्र कुठे लिहिलं नाही.

तीन महिने मी तो तवा फिरवला. आणि त्या तीन महिन्यांत एक गाणं मला ऐकू आलं नाही. स्पीकर पुढे, मधली काच बंद, आणि साहेब आवाज अगदी बारीक ठेवायचे. त्यांना गाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते रेघा बघत गाडी चालवायचे. मला मात्र गाण्याची फार हौस. हाताला घट्टे पडले, गुडघा बाकड्याला आपटून निळा झाला. उतरल्यावर मी विचारायचे, "साहेब, आज कुठलं गाणं लागलं होतं?"

"पाच रेघांचं," ते म्हणायचे.

माझी लेक तेव्हा पहिलटकरीण होती. फेब्रुवारीत दिवस भरत होते. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि तिचं माहेर म्हणजे मी. मी इथे, तर तिचं माहेर कुलूप घातलेलं. मी दिवाळीतच रजा मागितली. दोन वर्षं घरी गेले नव्हते.

"सीझन संपू दे," साहेब म्हणाले.

"सीझन कधी संपतो?"

"मार्चअखेर."

"तोवर मूल महिन्याचं होईल साहेब."

"बाळंतपण डॉक्टर करतात. तुम्ही तिथे असून काय फरक पडणार? किती फरक, सांगा. इथे तुम्ही नसलात तर पाच रेघांची एक होते. हे मोजलेलं आहे."

हे ते रागाने बोलले नाहीत. हिशोब सांगावा तसं बोलले. मला उत्तर सुचलं नाही असं नाही. आठ-दहा उत्तरं सुचली, पण ती सगळी रात्री माझ्या खोलीत सुचली. ताई म्हणाल्या, "मी बोलते त्यांच्याशी." मग टीव्हीवरची मालिका सुरू झाली.

लेकीचा फोन यायचा. आधी म्हणायची, "आई, कधी येणार?" मग म्हणायला लागली, "आई, येणार आहेस ना?" जानेवारीत एकदा म्हणाली, "सासूबाई म्हणतात, राहा इथेच. माहेरी आहे कोण तुझं?" आणि ती थोडं थांबली. "मी त्यांना काय सांगू?"

मी म्हटलं, "सांग, आई येतेय." फोन ठेवला आणि मला कळेना, मी कशाच्या जोरावर हे बोलले.

त्याच आठवड्यात साहेबांनी ऑफिसातल्या तिघांना आणि त्यातल्या एकाच्या बायकोला आपली पद्धत दाखवायला बोलावलं. परवा गोष्ट सांगणारी ती हीच. शुक्रवारी सकाळी साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आज मागचे पडदे लावलेले राहतील. खोकू नका. भांडं पडू देऊ नका. त्यांना यंत्रणा म्हणून बघू दे, मध्ये माणूस दिसलं की लोकांचं लक्ष भलतीकडे जातं."

मी आत बसले. बाहेरून दार लागलं. पुढे पाच जण बसले, गाडी निघाली. मधली काच त्या दिवशी बोटभर उघडी राहिली होती, साहेबांच्या लक्षात आलं नाही. गाणं नाही पण त्यांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. मी उन्हाच्या चौकोनावर डोळे लावून हँडल धरलं.

गाडी वळली. पाच रेघा. पुन्हा वळली. पाच.

"अरे वा!" एक जण म्हणाला. "हलत पण नाही! मोटर कुठली लावलीत साहेब?"

"माझीच आहे. घरची."

"वीज किती खाते?"

"जवळजवळ काहीच नाही. सकाळी चहा आणि दोन भाकऱ्या."

ते चौघं हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

"आणि बिघडत नाही?"

"तीन महिने झाले. एकदाही बंद नाही. तक्रार नाही, रजा नाही."

मी हँडल सोडलं.

ठरवून सोडलं नाही. हात आपोआप उघडला आणि मग मी तो परत मिटला नाही. पुढच्या वळणावर गाडी वळली, तवा गाडीबरोबर वळला आणि डबा मुका झाला. काचेवर एकदा टकटक झाली. मी मांडीवर हात ठेवून बसले. दोनदा झाली. मग एकदा, दोनदा, तीनदा. तीनदा म्हणजे काय ते आमचं ठरलेलंच नव्हतं.

"काय झालं?" पुढून बाईचा आवाज आला.

"मशीन अडकलंय जरा," साहेब म्हणाले आणि गाडी रस्त्याच्या कडेला वाळूत घेतली.

दारं उघडल्याचे आवाज आले. सगळे मागे येत होते. मला वाटलं, पलंगावर चढावं आणि पांघरूण घ्यावं. मग लेकीचं ते थांबणं आठवलं. साहेबांनी बाहेरून दाराला हात घालायच्या आत मी आतून दार ढकललं आणि खाली उतरले. केसांत वाळू, पदर कमरेला खोचलेला, समोर चार परकी माणसं.

"मशीन अडकलं नाही साहेब," मी म्हटलं. "मशीनला रजा पाहिजे. लेकीचं बाळंतपण आहे."

मग ते हसले. इतके हसले की एकाने गाडीला धरलं. "काय सॉलिड बसवलंय हो!" "डायलॉग पण पाठ करून घेतलाय!" ती बाई डोळ्यांतलं पाणी पुसत होती. मी माझ्या लेकीसाठी उभी होते आणि त्यांना वाटलं, नाटक आहे. त्या हसण्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. परवा ते पुन्हा ऐकलं.

साहेब मात्र हसले नव्हते. ते माझ्या हाताकडे बघत होते. हँडल धरून पडलेले घट्टे तळहातावर होते. मोजायला पट्टी काढतात की काय असं मला वाटलं. त्यांनी खिशातून वही काढली.

"किती दिवस?"

"सव्वा महिना."

"सव्वा महिना म्हणजे नक्की किती?"

"चाळीस धरा."

त्यांनी लिहिलं. "कधीपासून?"

"पुढच्या आठवड्यापासून."

तेही लिहिलं, खाली रेघ ओढली आणि वही खिशात ठेवली. लोक अजून हसतच होते. त्यातला एक जण म्हणाला, "बाई, आता तुम्ही पुढे या, मी मागे बसतो." पण हँडल त्याने धरलं नाही. मी पुढे बसले तर सखीर येईपर्यंत डबा गप्प. मी मागे बसले की तो वाजणार आणि मला ऐकू येणार नाही, पुढे बसले की वाजणारच नाही. काय पण पद्धत काढली होती!

जायच्या दिवशी ताईंनी बाळासाठी टोपडं दिलं आणि म्हणाल्या, "मी बोलणारच होते त्यांच्याशी." मी टोपडं घेतलं.

साहेब म्हणाले, टॅक्सी नको, मी सोडतो. सकाळचं विमान होतं. बॅग मागे ठेवली, मी पुढे बसले. तव्याचं तोंड गाडीच्या पुढे करून हँडल त्यांनी दोरीने बाकड्याला घट्ट बांधलं होतं. बुदैयाच्या रस्त्याला लागलो आणि डब्यावर पाच रेघा उमटल्या. विमानतळाआधीच्या मुहर्रकच्या पुलापर्यंत एकही रेघ हलली नाही. साहेबांनी हात पुढे करून आवाज मोठा केला. ते असं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी त्या रेडिओवरचं गाणं ऐकलं, एक पूर्ण, मग दुसरं पूर्ण.

"पाहिलंत?" साहेब म्हणाले. "मशीनशिवाय. पाच रेघा."

हा माणूस शेवटपर्यंत असाच. मला सोडायला आला होता की मला हरवायला, कोण जाणे. मी समोर पाहिलं. सूर्य सरळ आमच्या तोंडावर होता. त्यांनी डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून वरची पट्टी खाली केली होती आणि तरी ते डोळे बारीक करून गाडी चालवत होते. बुदैयाहून विमानतळ म्हणजे सगळा रस्ता पूर्वेला. चौथीतल्या पोराला कळलं असतं.

विमानतळावर त्यांनी बॅग उतरवून दिली. बॅगेचं वजन आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं. मी म्हटलं, "साहेब, आता जाताना सूर्य तुमच्या पाठीला असेल."

त्यांनी वर तव्याकडे पाहिलं. मग सूर्याकडे. मग रस्त्याकडे, जिथून आम्ही आलो होतो.

"बाई, किती दिवस म्हणालात?"

"चाळीस," मी म्हटलं. "मोजा."